दहा दिवसांची सेवा कुणासाठी?

दिवाळी सरते, पाऊस पुरता ओसरतो, खानापूर तालुक्यात भाताच्या मळण्या सुरू होतात आणि आमच्याकडे परदेशी पाहुण्यांचा हंगाम लागतो. विमानाने गोव्यात उतरायचं, भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरने चोर्ला घाट चढून बेळगावात यायचं, दहा-बारा दिवस राहायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. येणारे बहुतेक अमेरिकेतले, कधी कोरियातले, कधी ब्रिटनमधले. कॉलेजची मुलं, एखादं निवृत्त जोडपं, एखादी नर्स, त्यांचा एक पाळक, म्हणजे पाद्री. सगळ्यांच्या अंगात एका रंगाचे टी-शर्ट. चर्चच्या जगात याला 'शॉर्ट टर्म मिशन' म्हणतात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, नुसतं 'टीम'. "टीम कधी येणार?" "टीमला उतरवायचं कुठं?" "गेली बाई एकदाची टीम."

मी या मंडळीतलाच. बेळगावचा मराठी ख्रिस्ती म्हटल्यावर समोरचा एक क्षण थांबतो, मग "म्हणजे गोव्याचे काय?" असं विचारतो, ते आता अंगवळणी पडलं आहे. अशा टीमबद्दल इथे दोन प्रकारचं लिहिलं-बोललं जातं. एक गट म्हणतो, हे धर्मांतराचं षडयंत्र. दुसरा म्हणतो, प्रभूच्या कार्याचा मोठा विजय. हे दोन्ही गट त्या बिचाऱ्या टी-शर्टवाल्यांना आहे त्याच्या शंभरपट ताकदवान समजतात. दहा दिवसांत कुणाचा धर्म बदलत नाही आणि कुणाचं आयुष्यही बदलत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्यांच्या सेवेच्या नावाने ही सगळी यातायात चालते, त्यांना विचारून ती आखली जात नाही, आणि तिचा भार व धोका मात्र त्यांच्याच अंगावर येतो. काय काम करायचं, किती दिवस, कुणी यायचं, हे जोवर इथला माणूस ठरवत नाही, तोवर अशा टीमना बोलावू नये, असं माझं म्हणणं आहे.

ही पद्धत फार जुनी नाही. पूर्वी मिशनरी होणं म्हणजे जन्माचा सौदा. बोटीने महिनोन्महिने प्रवास करून यायचं आणि बऱ्याचदा इथल्याच मातीत जायचं. विमानप्रवास आवाक्यात आला आणि गणित बदललं. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजवयाचा अमेरिकन तरुण मित्रांना घेऊन मेक्सिकोत पुस्तकं वाटायला गेला. १९६० मध्ये 'यूथ विथ अ मिशन' ही संस्था निघाली. सुट्टीत जाऊन मिशनकार्य करता येतं, ही कल्पना तिथून रुळली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समाजशास्त्रीय अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतल्या चर्चमधून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ माणसं अशा सहलींवर परदेशी जात होती. 'सहल' हा शब्द त्यांना आवडणार नाही, पण त्यांचा दिवस कसा जातो ते पाहा.

सकाळी साडेसहाला गच्चीवर प्रार्थना आणि शास्त्रवाचन. त्याआधी रात्री कुणाचं पोट बिघडलं याची चौकशी, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी ना कुणी ओआरएसवर असतंच. नाश्त्याला उपीट, केळी आणि घरून आणलेला पीनट बटरचा डबा. नवाच्या सुमारास गाडी खानापूर-जांबोटीकडच्या गावाला निघते. तिथे प्रार्थनागृहाची नाहीतर शाळेची भिंत रंगवायची. मुलांना जमवून हातवारे करत इंग्रजी गाणी शिकवायची, कागदी मेंढरांना कापूस चिकटवायचा, फुगे, चॉकलेटं. दुपारी आंब्याखाली डबा आणि बाटलीबंद पाणी. चारनंतर घरभेटी. तिघं पाहुणे आणि एक दुभाषी, एका घरी वीस मिनिटं. दुधाचा चहा बाहेर घेऊ नका असं त्यांना निघताना बजावलेलं असतं, तरी घेतात, आणि मला ते आवडतं. संध्याकाळी उपासना, तिथे टीममधला एकजण साक्ष देतो, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगतो. रात्री मुक्कामी परतल्यावर गोल करून बसायचं आणि आज देवाने तुला काय दाखवलं, ते एकेकाने बोलायचं. एखाद्या मुलीला रडू फुटतं. ते खरं असतं, त्याची टिंगल मी करणार नाही. शेवटच्या शनिवारी खडेबाजारात कुडते नि साड्या, कुंद्याचे बॉक्स, वेळ उरला तर गोकाकचा धबधबा, जो तोवर बारीक धारेवर आलेला असतो. रविवारी मोठी भक्ती, शाल, हार, फोटो. सोमवारी घाट उतरायचा.

या दिवसाची दुसरी बाजू स्वयंपाकघरात दिसते. पाहुणे सहाला उठतात म्हणून पाळकबाई चारला उठते. भाज्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायच्या, भांडी वेगळी, टॉवेल वेगळे. मंडळीतल्या मावशा पाळी लावून राबतात. "मिरची नको, तेल नको, मीठ बेतानं म्हणतासा, मग आमटीला चव कुठनं येणार ओ?" असं एक मावशी पातेल्यात डाव आपटत विचारत होत्या, त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. एका लहान मंडळीने प्रार्थनागृहाचे गळके पत्रे बदलायला पैसे जमवले होते. टीम येणार म्हटल्यावर ते पैसे मागच्या अंगणात कमोडचं न्हाणीघर बांधण्यात गेले. पाहुण्यांनी ते मागितलं नव्हतं, हे खरं. पण पाहुण्याला अडचण होऊ नये म्हणून आपलं छप्पर गळकं ठेवायचं ही आपल्याकडची रीत त्यांना ठाऊकच नसते. आणि ती ठाऊक असणारे आमचे लोक तोंड उघडत नाहीत, कारण पुढच्या वर्षीची देणगी त्या टीमच्या चर्चकडूनच यायची असते.

पैशाचंच बोलायचं तर अमेरिकेहून गोव्यापर्यंत एका माणसाचं जाण्या-येण्याचं तिकीटच लाख-सव्वा लाखाच्या घरात जातं. बाराजणांची टीम म्हणजे हिशोब तुम्हीच करा. ते पैसे ही मुलं ओळखीपाळखीत पत्रं पाठवून, चर्चमध्ये केक विकून उभे करतात. कष्टाने करतात. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून असेच गट गेले. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ख्रिस्ती आणि होंडुरासमध्येच राहून काम करणारा, त्याचा पाठपुरावा केला. २००६ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार स्थानिक संस्थेला एका घराला सुमारे २ हजार डॉलर लागत, आणि परदेशी गट येऊन तेच घर बांधायचा म्हणजे प्रवासासकट सुमारे ३० हजार. ज्यांना परदेशी हातांनी बांधलेलं घर मिळालं आणि ज्यांना गावच्या गवंड्याने बांधलेलं, त्यांच्या पुढच्या आयुष्यात त्याला काही फरक आढळला नाही. आणि गटांतल्या माणसांमध्ये? घरी परतल्यावर आपण जास्त दान देऊ, जास्त प्रार्थना करू असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात फार काही बदललं नव्हतं.

"पण त्या मुलांची दृष्टी तर रुंदावते ना," असं आमचे पाळक म्हणतात. रुंदावत असेल. मग त्याला शिक्षण म्हणा आणि शिकवणाऱ्याला फी द्या.

सगळ्यांत जास्त टाळ्या मेडिकल कॅम्पला पडतात आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. चित्र असं असतं. शाळेच्या वर्गात दोन बाकं जोडलेली, बाहेर बायकांची रांग. साठीच्या एका बाईचा बीपी मोजला जातो, तो भलताच वाढलेला निघतो. तिला पंधरा गोळ्यांची पट्टी मिळते, वरची अक्षरं इंग्रजी. रोज सकाळी एक, असं दुभाषी सांगतो. ती मान डोलावते, डॉक्टरच्या पाया पडते, डॉक्टर संकोचतो, फोटो निघतो. सोळाव्या दिवशी काय? बीपीची गोळी जन्माची असते. पण गोऱ्या डॉक्टरने औषध दिलं, ते संपलं, म्हणजे दुखणं गेलं, असा तिचा समज होतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याच प्रकारची गोळी फुकट मिळते. तिथे रांगेत बसायला ती मग जात नाही. त्याच गावातल्या आशाताईकडे, म्हणजे सरकारी आशा कार्यकर्तीकडे, घराघराची नोंद असलेली वही असते. कुणाला साखर आहे, कुणाची गोळी चुकते, तिला तोंडपाठ. कॅम्पच्या दिवशी तिला कुणी बोलावत नाही, बोलावलं तर रांग सरळ करायला. आणि हेही सांगायला हवं की परदेशातल्या डॉक्टरला भारतात रुग्ण तपासायचे तर इथल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाची परवानगी लागते. किती कॅम्पच्या आयोजकांनी तो कागद पाहिलेला असतो?

बेळगावचा माणूस गंभीर दुखण्यासाठी अजूनही "मिरजेला नेलं" असं सहज म्हणतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं, त्याची सुरुवात एका मिशनरीपासूनच होते. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये या देशात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं आणि आयुष्याची जवळपास चार दशकं तिथे काढली. त्यांनी इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवायची शाळा काढली, म्हणून त्यांच्यामागे काम राहिलं. बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये आले. त्यांच्या मागून आलेल्या बेनन आणि स्मिथ यांची नावं शहरातल्या शाळेवर आजही आहेत. तिकडे बासेल मिशनचे फर्डिनांड किटेल १८५३ मध्ये आले आणि त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये बाहेर पडला. मधली एक्केचाळीस वर्षं पाहा. आणखी मागे गेलं तर फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून व्हायला १६१६ साल उजाडलं. ओवी अशी पंधरवड्यात बसत नाही.

अर्थात जुन्यांची आरती मला ओवाळायची नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच साली बेळगावचा किल्ला कंपनीने घेतला, लष्कराचा कॅम्प वसला, आणि दोन वर्षांत टेलरसाहेब हजर. पाठीशी सरकार होतं म्हणूनच ते येऊ शकले. मायदेशी निधी जमवायचा म्हणून आपल्या लोकांबद्दल काळंकुट्ट लिहिण्यात ती पिढीही मागे नव्हती. फरक एवढाच की ते राहिले, म्हणून त्यांच्याशी भांडता आलं. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे पाद्र्यांशी जाहीर वाद घातला. पाद्र्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वाळूवर उभं राहून उत्तर द्यावं लागे. टीमला असं कुणाला उत्तर द्यावं लागतं? त्यांच्याशी वाद घालायला माणूस तयार होईपर्यंत ते दोहा नाहीतर दुबईत विमान बदलत असतात.

शिवाय आमच्या भागात भाषा ही नुसती बोलण्याची बाब नाही. १९५६ पासून इथे पाट्यांवरून, शाळांवरून, बसच्या फलकांवरून डोकी फुटलेली आहेत. सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड, दवाखान्याचा कागद इंग्रजी, अशी आमची मुलं वाढतात. जुन्या मिशनला इथे दोन्ही भाषांत काम करणं भाग पडलं. टीमकडे एक इंग्रजी आणि एक दुभाषी. सगळा डोलारा त्या दुभाष्याच्या जिभेवर. एका घरभेटीत पाहुणा भारावून म्हणाला, तुमच्याकडे काहीच नाही, तरी तुम्ही किती आनंदी आहात! दुभाषी आमच्या मंडळीतला बीकॉमचा पोरगा. त्याने मराठीत सांगितलं, "तुमच्या घरी येऊन ह्यांना लई बरं वाटलं." घरमालक म्हणाला, "बरं वाटलं ते ठीक, पर बोअरचं पाणी दोन महिने झाले बंद आहे, कुणाला सांगून कायतर करतात काय विचार की." पोराने इंग्रजीत सांगितलं, ते तुमचे आभार मानत आहेत. दोघंही हसले, हात जोडले. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. वीस मिनिटांच्या भेटीत तो दुसरं काय निभावणार होता?

आता कायद्याचं. इथे आमच्या लोकांनी डोळे मिटून घेतले आहेत आणि टीमच्या लोकांना बहुधा कल्पनाच नसते. भारतात पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. आलेल्या टीममधले बहुतेक पर्यटक व्हिसावर असतात. चर्चमध्ये बसून प्रार्थना करणं वेगळं आणि गल्लीत सभा लावून साक्ष देणं वेगळं, पण गडबडीत ही रेघ कधी ओलांडली जाते ते कळत नाही. परदेशी माणूस उतरवून घेतला की चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, 'सी फॉर्म' म्हणतात तो. तोही राहून जातो. २०२० मध्ये तबलिगी जमातसाठी पर्यटक व्हिसावर आलेल्या अडीच हजारांहून जास्त परदेशी लोकांना केंद्राने दहा वर्षांसाठी देशबंदी केली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने काहींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे केलं गेल्याचं म्हटलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नियम कुणावर कधी उगारला जाईल हे वाऱ्याच्या दिशेवर असतं.

आणि वारा आमच्याच गावातून वाहिला आहे. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, २३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या तोंडावर. त्याच दिवसांत शहरातल्या प्रार्थनासभांमध्ये लोक घुसल्याच्या बातम्या येत होत्या. पुढे २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. महिला, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचं बेकायदा धर्मांतर केल्याचा ठपका आला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं. हा कायदा मला मुळातच चुकीचा वाटतो. कुणी काय मानावं याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यापुढे करायला लागू नये. पण कायदा चुकीचा आहे म्हणून दुसऱ्याच्या जिवावर धाडस करणं बरोबर ठरत नाही. पाहुण्याला फार तर परत पाठवतील. ठाण्यात बसायचं ते इथल्या पाळकाला, आणि मुलाच्या शाळेत, दुकानाच्या उधारीत, शेजाऱ्याच्या नजरेत त्याची किंमत मोजायची ती इथल्या कुटुंबांना. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती १.८७ टक्के होते. आमच्या या कोपऱ्यात तर एखाद्या गावात चार-सहा घरं. त्यांचा शेजार हीच त्यांची सुरक्षा आहे, आणि तो शेजार बिघडवायला बारा गोऱ्या माणसांनी गावात गिटार वाजवत एक फेरी मारणं पुरतं.

एवढं बोलूनही एक गोष्ट मला टीमच्या बाजूने मांडायलाच हवी, आणि ती आपल्याला लाजवणारी आहे. गावाबाहेरच्या वस्तीत, जिथे आमची बरीच ख्रिस्ती घरं आहेत, तिथे हा परका माणूस दारात चप्पल काढतो, वाकून आत जातो, जमिनीवर बसतो आणि पुढ्यातली भाकरी खातो. मिरचीने डोळ्यांत पाणी येतं, तरी खातो. ती घरं पिढ्यान्पिढ्या त्याच गावाची आहेत. गावात मराठा आहेत, लिंगायत आहेत, तेही पिढ्यान्पिढ्यांचे. त्यांतले किती जण त्या घरात जेवले? लग्नाला येतात, बाहेर मांडवात सरबत घेतात, पाकीट देतात, जातात. मी एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, टीम येऊन काय मिळालं? पैसे नाही, धर्म नाही, तो म्हणाला, "माझ्या ताटाला ताट लावून बसला की त्यो." धर्मांतरावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कुणी या वाक्याचं उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. ताटाला ताट लावायला सातासमुद्रापलीकडून माणूस यावा लागतो, ही गावाची नामुष्की आहे, आणि ती टीमवर बंदी घालून जाणार नाही. हेही कबूल करू की आमच्या मंडळ्याही यात धुतल्या तांदळाच्या नाहीत. लग्न जुळवायची वेळ आली की पूर्वीची जात विचारणारी ख्रिस्ती कुटुंबं मी नावानिशी दाखवू शकतो, दाखवणार नाही.

पण बघा, त्या म्हाताऱ्याच्या लेखी किंमत होती ती जेवणाची. भिंतीच्या रंगाचं, कॅम्पचं, फुग्यांचं त्याने नावही काढलं नाही. टीमच्या वेळापत्रकात नेमकं जेवण सगळ्यांत कमी वेळाचं असतं, आणि तेही पोट बिघडेल म्हणून शक्यतो टाळायचं.

टीमना आणखी एका गोष्टीची ओढ असते: कुणाला तरी वाचवण्याची. आमच्या जिल्ह्यात सौंदत्तीची यल्लम्मा आहे, त्यामुळे देवदासींवरचे माहितीपट पाहून आलेले पाहुणे गाडी तिकडे वळवा म्हणतात. कर्नाटकात मुलींना देवाला सोडण्यावर, म्हणजे देवदासी करण्यावर, १९८२ चा बंदी कायदा आहे. पण त्यापुढचं खरं काम घटप्रभेच्या 'मास' या संस्थेने केलं, जी पूर्वाश्रमीच्या देवदासी बायकांनीच चालवली. बचत गट, मुलांची शिक्षणं, गावोगाव जाऊन नव्या मुली सोडू न देणं, पोलिसांकडे पाठपुरावा. तिच्या प्रमुख सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांनी स्वतः ते भोगलं त्या बायका वर्षानुवर्षं हे काम करत असताना दुपारी दोन ते चार या वेळात येऊन कुणी कुणाला वाचवणार आहे? आणि त्या मुलांचे फोटो? बालन्याय कायदा, २०१५ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. तरीही आमच्या भागातल्या वसतिगृहांमधल्या मुलांचे चेहरे परदेशी चर्चच्या देणगीपत्रकांवर हसत असतात.

हा रोग फक्त गोऱ्यांचा आहे असं समजून कुणी खूष होऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोकाक, रामदुर्ग, चिकोडीकडे मदतीचे ट्रक आले तेव्हा त्यात किती जुने कपडे होते, आणि त्यांतले किती रस्त्याकडेला चिखलात गेले, ते पाहिलेल्यांना सांगायला नको. शहरातून दिवाळीचा फराळ घेऊन पाड्यावर जाणारे, पोरांना लाडू देतानाचा व्हिडिओ काढून संध्याकाळी घरी परतणारे गट आपल्याच ओळखीचे आहेत. आणि आता तर आमच्या मंडळ्यांतल्या तरुणांनाही नेपाळच्या मिशन ट्रिपचं वेड लागलंय. व्हिसा लागत नाही, रेल्वेने गोरखपूरपर्यंत जाता येतं. तिथल्या दंडसंहितेत, जी ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. इथे आम्ही यजमान म्हणून जे सोसतो तेच तिथल्या मंडळीला आम्ही सोसायला लावणार. आमची पोरंही तिथे भिंतच रंगवून येतात.

साधारण ऑगस्टमध्ये टीमच्या चर्चकडून मेल येतो: आम्ही जानेवारीत येऊ म्हणतो, तुमच्याकडे काय काम आहे? आमच्याकडून उत्तर जातं: या, प्रभूची इच्छा असेल तसं करू. हे उत्तर पाठवायचं बंद करायला हवं. बाराजण दहा दिवस नकोत, दोघं तीन महिने या, असं लिहायला काय हरकत आहे? कुणी हिशोबनीस असेल तर विदेशी देणगीचा हिशोब ठेवताना आमच्या खजिनदारांची जी तारांबळ उडते त्यात शिकवायला या. कुणाला हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करता येत असतील तर मिशन हॉस्पिटलांत बंद पडलेल्या यंत्रांना तोटा नाही. व्हिसा कामाप्रमाणे काढा आणि तो कागद आम्हाला आधी पाठवा. नर्स असाल तर आशाताईबरोबर तिच्या वहीप्रमाणे फिरा, कॅम्प नको. मराठी शिका, निदान "भाकरी आणखी अर्धी" म्हणण्यापुरती, आणि खानापूरला राहिलात तर कन्नडही. मुलांचे फोटो नकोत. हॉटेलात उतरू नका, घरात राहा, आणि घरात जे असेल त्याच न्हाणीघरात आंघोळ करा. टीमच्या तिकिटांतून जो पैसा वाचेल त्याचं काय करायचं ते मंडळीच्या बायकांच्या बैठकीत ठरू द्या, कारण पत्रे कुठे गळतात ते त्यांना ठाऊक असतं. आणि दुभाष्याला दिवसाचा रोख भत्ता द्या. सध्या त्या पोरांना दहा दिवस गळा फाडून झाल्यावर टीमचा टी-शर्ट आणि चॉकलेटचं पाकीट मिळतं.

एका पाळकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं लिहिलं तर टीम केनियाला नाहीतर फिलिपाइन्सला जाईल. जाईल. जाऊ दे की.